शनिवारच्या अडथळ्यांच्या शर्यती : घोडा निवडताना काय पाहावे?

प्रश्न : पावसाळ्यात शनिवार-रविवार पुण्याच्या रेसकोर्सवर काढणाऱ्यांपैकी मी एक. यंदा डिसेंबरच्या आरंभी मुलीकडे लंडनला जात आहे आणि जावई पहिल्या शनिवारी मला सँडाउन रेसकोर्सवर अडथळ्यांच्या शर्यती पाहायला नेणार आहेत. तेथील एक जुने रेसकार्ड त्यांनी नमुन्यादाखल पाठवले आहे. पण घोड्याच्या नावापुढील ‘२१एफ-पी१’ यांसारख्या खुणांचा अर्थ लागत नाही. मला दिवसभरात एकाच घोड्यावर, तेही विचारपूर्वक, पैसे लावायचे आहेत. सुरुवात कोठून करावी?
— एक वाचक, वानवडी

उत्तर : आपल्या हाती जे कार्ड आहे, त्यातील खुणा डावीकडून उजवीकडे वाचाव्यात, सर्वांत उजवीकडची खूण सर्वांत अलीकडच्या शर्यतीची असते आणि मधली आडवी रेघ दोन हंगाम वेगळे करते. म्हणजे हा घोडा गेल्या हंगामात एकदा दुसरा आला, एकदा जिंकला आणि एकदा पडला. या हंगामात पहिल्या शर्यतीत जॉकीने त्याला मध्येच थांबवले आणि नंतरची शर्यत त्याने जिंकली. ‘यू’ असेल तर घोडा उभा राहिला पण जॉकी खाली आला, ‘बी’ असेल तर दुसऱ्याच्या पडण्यामुळे हा पडला, आणि ‘आर’ असेल तर त्याने उडी मारण्यास नकार दिला, असे समजावे. ‘बी’चा दोष घोड्याकडे जात नाही, ‘आर’ मात्र मी कधीही सहज सोडून देत नाही, कारण एकदा अडलेला घोडा पुन्हा अडू शकतो. ‘एफ’ दिसल्यावर तो कोठे पडला हे शोधावे. शेवटच्या अडथळ्यावर थकून पडलेला घोडा आणि दुसऱ्याच अडथळ्यावर अंदाज चुकून पडलेला घोडा यांत फार अंतर आहे, कारण पहिल्याची उणीव दमाची असते आणि दुसऱ्याची उडीची.

आपल्याकडील सर्व शर्यती सपाट धावपट्टीवरच्या असल्याने आपली नजर वेगाकडे जाते, आणि ते स्वाभाविकही आहे. इंडियन डर्बी २४०० मीटरची आहे, तर अडथळ्यांच्या शर्यती साधारण दोन मैलांपासून, म्हणजे ३२०० मीटरच्या आसपास, सुरू होतात आणि चार मैलांच्या पुढे जातात. त्यात दोन प्रकार आहेत. हर्डलचे अडथळे किमान साडेतीन फूट उंचीचे आणि घोड्याचा पाय लागल्यास थोडे झुकणारे असतात. चेसचे अडथळे किमान साडेचार फुटांचे, डहाळ्या घट्ट बांधून केलेले असतात आणि ते चूक सहजासहजी पोटात घालत नाहीत. त्यामुळे येथे ‘सर्वांत वेगवान कोण’ हा प्रश्न दुसरा येतो. ‘या मैदानावर, या अंतरावर, नीट उड्या मारत शेवटपर्यंत दम टिकवून कोण येईल’ हा पहिला. माझा सल्ला असा की विजेता शोधत बसू नये. ज्यांना ही अट पेलणार नाही त्यांची नावे आधी खोडावीत आणि उरलेल्यांतून एक निवडावा.

खोडण्याचे पहिले कारण म्हणजे मैदानाची ओल. पुण्यात पाऊस झाल्यावर पेनेट्रोमीटरचा (मैदान किती मऊ आहे हे मोजणाऱ्या उपकरणाचा) आकडा पाहून आपण अंदाज बदलतो, त्याची ही पुढची पायरी समजावी. इंग्लंडच्या हिवाळ्यात मैदान ‘गुड’, ‘गुड टू सॉफ्ट’, ‘सॉफ्ट’ आणि ‘हेवी’ अशा पायऱ्यांनी जड होत जाते, आणि ‘हेवी’वर तीन मैल धावणे ही वेगळीच परीक्षा असते. ज्या घोड्याचे सर्व विजय ‘गुड’ मैदानावरचे आहेत, त्याचे नाव कितीही मोठे असले तरी शुक्रवारी रात्रभर पाऊस पडल्यास त्याला बाजूला ठेवावे. म्हणूनच सोमवारी वर्तमानपत्र वाचून घोडा ठरवू नये. अडथळ्यांच्या शर्यतींत अंतिम नावे बहुतेक वेळा आदल्या दिवशी निश्चित होतात आणि मैदानाचा अहवाल शर्यतीच्या सकाळीही बदलू शकतो.

दुसरे कारण रेसकोर्सचे वळण. सँडाउन उजव्या वळणाचे आहे, चेल्टनहॅम डाव्या. काही घोडे प्रत्येक उडीला उजवीकडे सरकतात. डाव्या वळणाच्या मैदानावर त्यांना दर अडथळ्याला थोडे थोडे जास्त अंतर कापावे लागते आणि शेवटी तेच अंतर हरण्याइतके होते. याला अपवाद असतातच. उजव्या वळणावर रमणाऱ्या डेझर्ट ऑर्किडने १९८९ मध्ये चेल्टनहॅमचा गोल्ड कप, तोही पाऊस आणि बर्फ पडून चिखल झालेल्या मैदानावर, जिंकला होता. मात्र अपवादावर आपले पैसे लावण्याआधी त्याच प्रतीचा घोडा आपल्यासमोर आहे का, हे स्वतःला विचारावे.

आपण जाणार त्या शनिवारची मुख्य शर्यत टिंगल क्रीक चेस असते. अंतर दोन मैलांच्या किंचित आत, अडथळे १३. पलीकडच्या सरळ भागात, रेल्वेमार्गालगत, तीन अडथळे एकापाठोपाठ येतात आणि त्यांना ‘रेल्वे फेन्सेस’ असेच म्हणतात. पहिल्यावर पाऊल चुकले की पुढच्या दोन्हींवर ते सावरायला वेळ मिळत नाही. उलट तेथे लय सापडलेला घोडा काही क्षणांत दोन-तीन लांबींची आघाडी घेतो. त्यानंतर वळण, मग पाँड फेन्स, पुढे दोन अडथळे आणि शेवटचा चढ. जे घोडे दोन मैल वेगाने धावतात पण शेवटी मान टाकतात, ते याच चढावर उघडे पडतात, म्हणून दोन मैलांच्या शर्यतीतही अडीच मैलांचा दम असलेला घोडा मला पसंत पडतो. हे मैदान एकदा मानवले की पुन्हा मानवते, याची साक्ष विजेत्यांच्या यादीत आहे : कॉटो स्टारने ही शर्यत २००५ आणि २००६ मध्ये, तर जॉनबॉनने २०२३ आणि २०२४ मध्ये जिंकली. कार्डावर घोड्याच्या नावापुढे ‘सी’ असेल तर तो या मैदानावर आणि ‘डी’ असेल तर या अंतरावर जिंकलेला आहे. ‘सीडी’ म्हणजे याच मैदानावर याच अंतरावर. माझ्या मते कार्डावरील सर्वांत किमती अक्षरे तीच.

आणखी एक गोष्ट आपल्याला वेगळी वाटेल. अडथळ्यांच्या शर्यतींतील बहुतेक घोडे खच्ची केलेले असतात. त्यांना प्रजननासाठी लवकर निवृत्त करण्यात मालकाचा लाभ नसतो, त्यामुळे ते नऊ-दहा वर्षांचे होईपर्यंतही धावतात आणि चेसमध्ये त्याच वयात बहरात असतात. एका घोड्याचा चार-पाच हंगामांचा हिशेब आपल्यासमोर असणे ही सपाट शर्यतींत क्वचितच मिळणारी सोय आहे; तिचा उपयोग करावा आणि वय पाहून घोडा खोडू नये.

शेवटी भाव. बुकी ६/४ (चार लावल्यास सहा नफा) देत असेल तर घोडा शंभरात ४० वेळा जिंकेल असा त्या भावाचा अर्थ होतो. ३/१ म्हणजे २५. भावांचा फलक पाहण्यापूर्वी आपला अंदाज कार्डाच्या कडेला लिहून ठेवावा. आपल्या मते घोड्याची शक्यता ३० असेल आणि ३/१ मिळत असेल, तर लावावे. २/१ असेल तर घोडा चांगला असूनही सोडावा. फलक पाहिल्यानंतर केलेला अंदाज बहुधा फलकाचाच असतो.

प्रश्न : इंग्लंडमधील ‘ईच-वे’ आणि आपल्याकडील ‘प्लेस’ एकच का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : नाही. ईच-वे म्हणजे सारख्या रकमेच्या दोन पैजा, एक ‘विन’ची (घोडा पहिला येण्यावर) आणि एक ‘प्लेस’ची (पहिल्या काहींत येण्यावर), म्हणून ‘दहा पौंड ईच-वे’ म्हटल्यावर वीस पौंड जातात. प्लेसचा भाव विनच्या भावाचा ठराविक हिस्सा असतो. सर्वसाधारणपणे १६ किंवा अधिक घोड्यांच्या हँडिकॅपमध्ये (चांगल्या घोड्यावर जास्त वजन लादतात अशा शर्यतीत) पहिल्या चारांना एक चतुर्थांश, आठ किंवा अधिक घोड्यांच्या साध्या शर्यतीत पहिल्या तिघांना एक पंचमांश, आणि पाच ते सात घोडे असतील तर पहिल्या दोघांना एक चतुर्थांश. समजा, १६ घोड्यांच्या हँडिकॅपमध्ये १२/१ चा घोडा तिसरा आला : विनचे दहा पौंड गेले, प्लेसवर ३/१ ने तीस पौंड आणि मूळचे दहा मिळाले, म्हणजे वीस पौंडांचा नफा. टिंगल क्रीकला बहुधा मोजकेच घोडे असतात. तेथे फेव्हरिटवर, म्हणजे सर्वांत कमी भावाच्या घोड्यावर, ईच-वे लावणे व्यर्थ आहे. त्याच शनिवारी एन्ट्री (Aintree) रेसकोर्सवर, ग्रँड नॅशनल या प्रसिद्ध शर्यतीच्या अडथळ्यांवर होणारा बेचर हँडिकॅप चेस हे त्याचे योग्य ठिकाण, कारण तेथे दूरच्या भावाचा, पण ते अडथळे पूर्वी नीट ओलांडलेला घोडा अनेकदा पहिल्या चारांत येतो.

प्रश्न : घोडा पडला किंवा शर्यतच झाली नाही, तर पैसे परत मिळतात का?
— एक वाचक, बाणेर

उत्तर : पडला तर नाही. सुटण्यापूर्वी माघार घेतली तर त्या दिवशी लावलेले पैसे परत मिळतात. मात्र अंतिम नावे जाहीर होण्याच्या आधी, काही आठवडे अगोदर लावलेले पैसे घोडा न धावल्यास सहसा बुडतात, आणि तेव्हा मिळणारा वाढीव भाव हा त्याच जोखमीचा मोबदला असतो. शर्यत रद्द झाल्यास रक्कम परत येते. हिवाळ्यात हे घडते : २०२४ मध्ये डॅरा वादळामुळे एन्ट्रीचा तो शनिवार पूर्ण रद्द झाला, सँडाउनच्या शर्यती मात्र पार पडल्या.

प्रश्न : पुण्यात बसून या शर्यतींवर परदेशी संकेतस्थळावरून पैसे लावता येतील का?
— एक वाचक, कॅम्प

उत्तर : लावू नयेत. घोड्यांच्या शर्यतींत कौशल्याचा भाग प्रधान असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये मान्य केले आहे आणि परवाना असलेल्या रेसकोर्सच्या आवारातील पैजेला आपल्या राज्याच्या कायद्यात मोकळीक आहे. ती परदेशी संकेतस्थळाला लागू होत नाही. शिवाय स्वीपस्टेक, फुटबॉल पूल यांसारख्या गोष्टींसाठी भारतातून परकीय चलन पाठवण्यास २००० सालच्या परकीय चलन नियमांनी मनाई आहे. शर्यत पाहून कागदावर घोडा निवडायला आणि शनिवारी रात्री निकालाशी तो ताडून पाहायला कोणतीच अडचण नाही; वानवडीच्या वाचकांनीही निघण्यापूर्वीचे दोन-तीन शनिवार तसेच करून पाहावेत.