हॅलोविन आणि ख्रिस्ती कुटुंब : वाचकांचे प्रश्न

ऑक्टोबरचा मध्य उलटला की मुंबईतील मॉल, गृहसंकुले आणि अलीकडे शाळांमधूनही हॅलोविनची तयारी दिसू लागते, आणि त्यासोबत ख्रिस्ती वाचकांची पत्रे येऊ लागतात. त्यांतील काही प्रश्न येथे घेतले आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून पाठवणाऱ्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : फादर, आम्ही मूळचे वसईचे, आता मालाडला राहतो. 31 ऑक्टोबरच्या संध्याकाळी आमच्या सोसायटीतील मुले भुताखेतांचे कपडे घालून घरोघरी चॉकलेट मागत फिरणार आहेत. प्रार्थनामंडळातील एक ताई म्हणतात की हा सैतानाचा सण आहे आणि मुलीला पाठवले तर घरात वाईट शक्ती शिरेल. मुलगी आठ वर्षांची आहे आणि तिच्या सगळ्या मैत्रिणी जाणार आहेत. आम्ही काय करावे?

उत्तर : सैतानाच्या मालकीचा असा कोणताही दिवस नाही. वर्षातील प्रत्येक दिवस परमेश्वराने निर्माण केला आहे, आणि केवळ तारखेमुळे एखादी रात्र अपवित्र होते असे मानणे ही अंधश्रद्धा आहे. ख्रिस्ताने क्रुसावर दुष्ट सत्तांना निःशस्त्र केले, असे संत पौल बायबलमधील कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सांगतो. बाप्तिस्मा झालेले मूल शेजारच्या दारातून चॉकलेट घेऊन आले म्हणून त्याच्या घरात वाईट शक्ती शिरते असे शिकवले, तर त्या विजयावर आपला विश्वास नाही हेच मुलाला कळते. त्या ताईंची काळजी मनापासूनची आहे, याबद्दल मला शंका नाही; परंतु भीती दाखवून घातलेली बंदी मुलाच्या मनात ईश्वरापेक्षा सैतानालाच मोठे करून ठेवते.

मात्र घाबरण्याचे कारण नाही, एवढ्यावरून सर्व काही चालेल असा निष्कर्ष काढता येणार नाही. ‘मला सर्व गोष्टींची मोकळीक आहे’ असे म्हणणाऱ्या करिंथकरांना पौलाने लगेच सांगितले की सर्वच गोष्टी हितकारक नसतात आणि सर्वच गोष्टींनी उभारणी होत नाही. रक्ताने माखलेले प्रेत, शिंगे असलेला सैतान किंवा गळ्यात फास अडकवलेली बाई यांत आठ वर्षांच्या मुलीने हौसेने मिरवावे असे काय आहे? जे सत्य, शुद्ध आणि प्रशंसनीय आहे त्याचे मनन करा, असे फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात म्हटले आहे, आणि मुलांच्या खेळालाही ही कसोटी लागू होते, असे मी मानतो.

माझा सल्ला असा की मुलीला मैत्रिणींपासून तोडू नये. तिला फुलपाखरू, परी, डॉक्टर, कोळीण असा तिच्या आवडीचा वेश करून जाऊ द्यावे, आणि असा वेश का, हे तिला दोन सोप्या वाक्यांत आधीच सांगावे. तुमचे मन तरीही स्वस्थ नसेल, तर पाठवू नका. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायानुसार जे विश्वासाने होत नाही ते तुमच्यासाठी योग्य नाही, आणि त्याच अध्यायानुसार जिने आपल्या मुलीला पाठवले त्या शेजारणीला दोष देण्याचा अधिकारही तुम्हाला नाही. पाठवणार नसाल, तर त्या संध्याकाळी घरी तिच्यासाठी काहीतरी आनंदाचे ठेवा. ख्रिस्ती असणे म्हणजे इतरांच्या मौजेकडे खिडकीतून पाहत बसणे, असे तिला वाटू नये.

प्रश्न : आमच्या युवक गटात असे सांगितले गेले की हॅलोविन हा प्राचीन केल्टिक लोकांचा मूर्तिपूजक सण होता आणि चर्चने त्याला फक्त संतांचे नाव दिले. हे खरे असेल, तर ख्रिस्ती माणसाने त्याला स्पर्शही करू नये. खरे काय आहे? (अंधेरी)

उत्तर : आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये सुगीचा हंगाम संपून हिवाळा सुरू होताना सावन नावाचा सण पाळला जात असे, हे खरे आहे. त्या वेळी जिवंतांचे आणि मृतांचे जग जवळ येते अशी लोकसमजूत होती. परंतु त्याविषयीचे जुने लेखन आयर्लंड ख्रिस्ती झाल्यानंतरच्या शतकांतील आहे, आणि त्यापूर्वी नेमके कोणते विधी होत असत याची माहिती फार थोडी आहे. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या चित्रफितींत नरबळीची जी तपशीलवार वर्णने असतात, त्यांवर विश्वास ठेवू नये.

हॅलोविन म्हणजे 1 नोव्हेंबरच्या सर्व संतांच्या सणाची आदली संध्याकाळ, आणि त्या सणाचा इतिहास वेगळ्या वाटेने आला आहे. सातव्या शतकाच्या आरंभी पोप चौथे बोनिफेस यांनी रोममधील पँथिऑन हे जुने मंदिर 13 मे रोजी पवित्र मरिया आणि सर्व रक्तसाक्षी (श्रद्धेसाठी प्राण देणारे) यांना समर्पित केले. आठव्या शतकात पोप तिसरे ग्रेगरी यांनी संत पेत्राच्या महामंदिरात सर्व संतांसाठी एक प्रार्थनागृह उभारले, आणि 1 नोव्हेंबर ही तारीख त्याच्याशी जोडली जाते. 835 साली पोप चौथे ग्रेगरी यांच्या काळात हा सण फ्रँक साम्राज्यात सर्वत्र पाळला जाऊ लागला. विशेष म्हणजे खुद्द आयर्लंडमध्ये सर्व संतांचे स्मरण प्रारंभी 20 एप्रिलला होत असे. सावन झाकण्यासाठीच 1 नोव्हेंबर निवडला गेला, हा दावा म्हणूनच फारसा टिकत नाही. पुढे दहाव्या शतकाच्या अखेरीस क्लुनी मठाचे प्रमुख संत ओडिलो यांनी 2 नोव्हेंबरला सर्व मृत भाविकांसाठी प्रार्थना करण्याची प्रथा घालून दिली, आणि 31 ऑक्टोबरची संध्याकाळ, संतांचा दिवस व मृतांचा दिवस असे तीन दिवस एकमेकांशी जोडले गेले.

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये या दिवसांत गोरगरीब घरोघरी जात, घरातील मृतांसाठी प्रार्थना करण्याचे वचन देत आणि त्यांना छोटे गोड केक मिळत. आज मुले जी चॉकलेटे मागतात, त्या प्रथेच्या मुळांपैकी हे एक मूळ असावे असे अनेक अभ्यासक मानतात. 1840 च्या दशकातील बटाट्याच्या दुष्काळानंतर लाखो आयरिश लोक अमेरिकेत गेले, तेथे दिव्यासाठी कोरलेल्या सलगमची जागा भोपळ्याने घेतली, आणि विसाव्या शतकात या सर्वाचा मोठा व्यापार झाला. मुंबईत पोहोचले आहे ते हे शेवटचे, व्यापारी रूप. त्या प्रवासात खाऊ टिकला आणि प्रार्थना गळून पडली, याचे मला फार वाईट वाटते.

तुमच्या गटाचा खरा प्रश्न मात्र इतिहासापलीकडचा आहे. एखाद्या प्रथेचा उगम ख्रिस्तपूर्व असेल तर ती कायमची त्याज्य ठरते का? तसे असेल, तर ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ईस्ट इंडियन (मुंबई परिसरातील मूळ कॅथलिक समाजाच्या) गावठाणांत आगेऱ्याच्या वेळी भाताच्या नव्या लोंब्यांना आशीर्वाद देण्याची जी सुंदर रीत आहे, तीही सोडावी लागेल, कारण सुगीचा आनंद ख्रिस्ती धर्म येण्याआधीही कोकणात होताच. इसवी सन 601 मध्ये पोप पहिले ग्रेगरी यांनी इंग्लंडमधील धर्मप्रसारकांसाठी मेलिटस यांना पत्र लिहून कळवले की तेथील मंदिरे पाडू नयेत, मूर्ती काढून ती ख्रिस्ताच्या उपासनेसाठी पवित्र करावीत. प्रथा कोठून आली यापेक्षा ती आज आपल्याकडून काय करवून घेते आणि आपल्याला कोणाकडे नेते, हे तपासावे. याच कसोटीवर आजच्या हॅलोविनमधील बराच भाग मला नापास करावासा वाटतो. त्यासाठी केल्टिक लोकांना मध्ये आणण्याची गरज नाही.

प्रश्न : मी कॉलेजच्या वसतिगृहात राहते. हॅलोविनच्या रात्री मैत्रिणी प्लँचेट करणार आहेत. सगळे गमतीत आहे असे त्या म्हणतात. मी फक्त बसले आणि वाटीला बोट लावले नाही, तर चालेल का?

उत्तर : नाही. येथे माझे उत्तर निःसंदिग्ध आहे. बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात शकुन पाहणे, जादूटोणा करणे आणि मृतांना विचारणे यांना स्पष्ट मनाई आहे. जिवंतांसाठी मृतांना का विचारावे, असा प्रश्न संदेष्टा यशया आपल्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात करतो. इस्राएलच्या शौल राजाने स्वतःच भूतविद्या जाणणाऱ्यांना देशाबाहेर घालवले होते, आणि तरीही संकटात तो वेश बदलून रात्री एन-दोर येथील स्त्रीकडे गेला. पहिल्या शमुवेलाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायातील ही कथा आवर्जून वाचा. ईश्वर उत्तर देत नाही म्हणून मृताकडून उत्तर काढू पाहणाऱ्या त्या राजाची अवस्था वाचून, गमतीखाली काय दडलेले असते ते कळते.

वाटी बहुतेक वेळा बोटांच्या नकळत दाबाने सरकते हे मानसशास्त्र सांगते, आणि ते मान्य करण्यास मला अडचण नाही. परंतु वाटी कोण हलवतो, यावर पाप अवलंबून नाही. जे भविष्य ईश्वराच्या हाती सोपवायचे, ते चोरून पाहण्याची इच्छा हा त्यातला दोष आहे. म्हणूनच कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाच्या 2116 व्या परिच्छेदात मृतांना बोलावण्यासोबत जन्मकुंडली आणि हस्तरेषा यांचाही निषेध केला आहे. हॅलोविनला सैतानी म्हणणाऱ्या काही ख्रिस्ती घरांत सकाळच्या वर्तमानपत्रातील राशिभविष्य नित्यनेमाने वाचले जाते आणि गाडीला लिंबू-मिरचीही टांगलेली असते. त्या घरांनी हा परिच्छेद आधी वाचावा. तुम्ही मैत्रिणींना शांतपणे नकार द्या आणि तेथे बसूही नका, कारण तुमची उपस्थिती हीच संमती ठरते.

प्रश्न : आदरणीय फादर, आम्ही प्रोटेस्टंट आहोत. आम्ही संतांचे सण पाळत नाही. तुमची उत्तरे आम्हाला कशी लागू होतील? (भायखळा)

उत्तर : आपल्यासाठी ही तारीख वेगळ्या कारणाने महत्त्वाची आहे. 31 ऑक्टोबर 1517 रोजी मार्टिन ल्यूथर यांनी पापक्षमापत्रांच्या विक्रीवर टीका करणारे आपले 95 मुद्दे जर्मनीतील माइन्सच्या आर्चबिशपांना पाठवले, आणि म्हणून हा धर्मसुधारणेचा स्मरणदिन आहे. त्या संध्याकाळी मंडळीने एकत्र येऊन पवित्र शास्त्र वाचावे आणि स्तोत्रे गावीत, यापेक्षा उत्तम पर्याय मी काय सुचवणार? मृतांसाठीच्या प्रार्थनेबाबत आपल्यात मतभेद आहे. आम्ही ज्या दुसऱ्या मक्काबी ग्रंथाचा आधार घेतो तो आपल्या शास्त्रसंग्रहात नाही. परंतु इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायातील ‘साक्षीदारांचा मेघ’, म्हणजे आपल्याआधी होऊन गेलेल्या श्रद्धावंतांचा समुदाय, आपल्या दोघांचाही आहे.

प्रश्न : माझे पती ऑगस्टमध्ये वारले. सोसायटीच्या फाटकाजवळ सजावट म्हणून थर्मोकोलच्या कबरी आणि सांगाडे मांडले आहेत. रोज येता-जाता ते पाहून मला गुदमरायला होते. मी फार हळवी झाले आहे का? (दहिसर)

उत्तर : ताई, तुम्ही हळव्या झालेल्या नाहीत. ज्या माणसाला तुम्ही मातीत ठेवून आलात, त्याच्या कबरीची नक्कल शोभेची वस्तू म्हणून समोर आली तर जीव कासावीस होणारच. आजच्या हॅलोविनविषयी माझा सर्वांत मोठा आक्षेप येथेच आहे. भुतांपेक्षा मला या गोष्टीची अधिक चिंता वाटते की मृत्यू हा हास्याचा विषय करून टाकल्यावर शोक करणाऱ्या माणसाला जागा उरत नाही. आपल्या प्रत्येक इमारतीत त्या वर्षी कोणीतरी कोणाला गमावलेले असते. लाजरच्या कबरीपाशी, त्याला आपण उठवणार आहोत हे ठाऊक असूनही, येशू रडला. ज्याने मृत्यूला जिंकले त्याने मृत्यूची थट्टा केली नाही.

सोसायटीच्या सचिवांशी मोकळेपणाने बोला. ‘या वर्षी घरात मृत्यू झाला आहे, कबरी तेवढ्या काढाव्यात’ असे सांगितले, तर बहुतेक माणसे ऐकतात. सजावट करणाऱ्या तरुण मुलांच्या ते लक्षातच आलेले नसते. स्वतः बोलणे जड जात असेल, तर शेजारच्या एखाद्या काकांना पुढे करा. यात धर्माचा वाद आणण्याचे कारण नाही.

आणि 2 नोव्हेंबरला दफनभूमीत जा. शिवडीपासून वसईपर्यंत त्या दिवशी कबरी धुऊन, फुले वाहून, मेणबत्त्या लावून कुटुंबे प्रार्थना करतात. पहिल्या वर्षी एकटीने जाणे कठीण जाते, म्हणून कोणाला तरी सोबत घ्या. आपल्या धर्मग्रामातील मिस्सामध्ये (चर्चमधील पवित्र उपासनेत) पतीचे नाव द्या. पहिल्या महायुद्धात अगणित माणसे मरत असताना, 1915 साली, पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी प्रत्येक धर्मगुरूला या दिवशी तीन मिस्सा अर्पण करण्याची परवानगी दिली, ती आजही आहे. त्यांपैकी एक सर्व मृतांसाठी असते. 1 ते 8 नोव्हेंबर या काळात दफनभूमीत जाऊन मृतांसाठी प्रार्थना करण्याला ख्रिस्तसभा विशेष महत्त्व देते, त्यामुळे 2 तारखेची गर्दी सोसवणार नसेल तर नंतरच्या एखाद्या शांत सकाळी गेलात तरी चालेल.

प्रश्न : कार्यालयात हॅलोविनचा वेश सक्तीचा केला आहे. काय करू? (पवई)

उत्तर : व्यवस्थापकांना नम्रपणे सांगा की आपण साध्या कपड्यांत याल आणि कार्यक्रमाच्या इतर कामात मदत कराल. खाण्याच्या टेबलावर सहकाऱ्यांसोबत बसण्यात काहीही गैर नाही.

प्रश्न : मी आमच्या चर्चच्या शाळेत शिकवते. पालक हॅलोविनची मागणी करतात. मुलांना संतांचे वेश घालून सर्व संतांचा सण साजरा करावा का?

उत्तर : अवश्य. पॅरिसमध्ये 2002 पासून असा उपक्रम सुरू झाला आणि तो अनेक देशांत पोहोचला. आपल्याला तर उदाहरणे शोधायला दूर जावे लागत नाही. वसईत जन्मलेले, जपानला गेलेले आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकी येथे क्रुसावर रक्तसाक्षी झालेले गोन्सालो गार्सिया यांना 1862 मध्ये संतपद मिळाले. भारतात जन्मलेले ते पहिले संत. केरळच्या संत अल्फोन्सा यांना 2008 मध्ये, कोलकात्याच्या मदर तेरेसा यांना 2016 मध्ये आणि तमिळनाडूचे देवसहायम या विवाहित गृहस्थाला 2022 मध्ये संतपद मिळाले. वसईचा एक मुलगा जपानपर्यंत कसा पोहोचला, ही गोष्ट मुले डोळे विस्फारून ऐकतात.

दोन पथ्ये पाळावीत. आपल्या शाळांतील बहुसंख्य मुले ख्रिस्ती नाहीत, म्हणून वेश धारण करण्याची सक्ती कोणावरही नसावी. ज्याला गोष्ट ऐकायची आहे त्याने नुसती ऐकावी. आणि भाड्याच्या महागड्या पोशाखांची स्पर्धा होऊ देऊ नये. घरातील जुनी चादर आणि सुतळीचा कमरपट्टा गोन्सालो यांच्यासारख्या फ्रान्सिस्कन बंधूच्या (संत फ्रान्सिस यांच्या संघातील व्रतस्थाच्या) वेशाला पुरेसा होतो. बक्षीस ठेवायचेच असेल, तर ते संताची गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगणाऱ्या मुलाला द्यावे. त्यासाठी आदल्या आठवड्यात धर्मशिक्षणाचा आणि मूल्यशिक्षणाचा एकेक तास राखून ठेवा, म्हणजे पालकांवर ऐनवेळी भार पडणार नाही.