खेळणं थांबताना: वाचकांचे फुटबॉलविषयक प्रश्न

माझं वय 31. बारा वर्षांत सात क्लब झाले, बहुतेक ठिकाणी एकेका मोसमाचा करार. गुडघा आता साथ देत नाही. मुलांना शिकवायचं मनात आहे. आधी लायसन्स काढू की आधी अनुभव घेऊ?
– एक खेळाडू, नेरूळ

दोन्ही एकदमच सुरू करा. लायसन्सच्या पायऱ्या अशा: तळाला एआयएफएफचं, म्हणजे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचं, ई सर्टिफिकेट, मग डी लायसन्स, त्यावर सी, बी, ए आणि शेवटी प्रो. डीचा वर्ग सहा दिवसांचा असतो. महाराष्ट्रात त्यासाठी विफाकडे, म्हणजे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनकडे, चौकशी करा. वरच्या पायऱ्या एका दमात चढता येत नाहीत. खालिद जमील 2009 साली मुंबई एफसीमध्ये खेळणं थांबवून तिथेच कोच झाले, आयझॉल क्लबला 2016-17ची आय-लीग ही राष्ट्रीय लीग जिंकून दिली आणि भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले ते 2025 मध्ये.

सात क्लब म्हणजे निदान सात कोच जवळून पाहिलेत, ही तुमची खरी पुंजी. आठवणी ताज्या आहेत तोवर वहीत उतरवा: हरल्यानंतरच्या पहिल्या सरावात कोणी काय घेतलं, बाकावरच्या खेळाडूशी कोण बोललं आणि कोणी टाळलं. हे डीच्या वर्गात शिकवत नाहीत.

आता मैदानावरचं. चांगल्या खेळाडूचा पहिला सराव बहुधा रांगेमुळे फसतो. एका गोलसमोर सोळा मुलं उभी केली आणि एका शॉटला आठ सेकंद धरले, तर प्रत्येकाचा पाय चेंडूला दोन मिनिटांतून एकदाच लागतो. त्याऐवजी बारा वर्षांखालच्या सोळा मुलांचे चार चौकोन करा, बाजू 8 मीटर, प्रत्येकात तीन विरुद्ध एक (बाहेरचे तिघे पास देतात, मधला चेंडू हिसकावतो), चेंडू चार नंबरचा. मधल्याला दोन-तीन पासांतच चेंडू मिळत असेल तर बाजू 10 मीटर करा. सलग पंधरा पास सहज होत असतील तर 6 वर आणा. मधला मुलगा मिनिटाभराने बदला. दमला की तो नुसता उभा राहतो आणि बाहेरच्या तिघांचा सराव फुकट जातो. वीस मिनिटांनी दोन मैदानांवर चार विरुद्ध चार: 30 बाय 20 मीटर, चार मिनिटं खेळ, दोन मिनिटं विश्रांती, असे चार डाव. तासावर भाड्याने मिळणाऱ्या छोट्या टर्फवर सोळा जण मावत नाहीत, तिथे आठच बोलवा.

आणि ओरडणं आवरा. बाजूने ‘दे, दे, मार!’ चालू राहिलं की मूल मान वर करून बघायचं सोडून देतं, कारण बघायचं काम तुम्हीच करताय. खेळ थांबवायचाच तर वीस सेकंद, एकच मुद्दा. पास करून दाखवताना स्वतःच्या वेगाने दाखवू नका; टेकलेला पाय चेंडूच्या बाजूला कुठे पडतो ते हळू करून दाखवा. मुलांची चूक बहुतेकदा त्याच पायात असते.

माझ्या भावाचा पगार क्लबने तीन महिने दिलेला नाही. करार मोसम संपेपर्यंत आहे. तो सोडून दुसरीकडे खेळू शकतो का?
– वाचक, ऐरोली

रागाच्या भरात सराव बंद करू नका. पहिली चूक तिथेच होते आणि मग करार खेळाडूनेच मोडला असं ठरतं. फिफाच्या नियमावलीत कलम 14 बिस याचसाठी आहे. निदान दोन महिन्यांचा पगार थकला असेल तर क्लबला लेखी नोटीस द्यायची, थकलेली रक्कम आणि महिने लिहून, किमान 15 दिवसांची मुदत देऊन. मुदतीत पूर्ण रक्कम आली नाही तर करार रास्त कारणाने संपवता येतो. नोटीस ईमेलने पाठवा, तोंडी किंवा फोनवर नको. सही केलेला करार, बँकेचं स्टेटमेंट आणि सरावाला हजर असल्याचे मेसेज एकत्र ठेवा. देशातले असे वाद एआयएफएफच्या प्लेअर स्टेटस कमिटीकडे जातात. पुढचा क्लब शोधताना एक हिशेब बघा: एका मोसमात जास्तीत जास्त तीन क्लबांकडे नोंदणी होते, पण अधिकृत सामने सर्वसाधारणपणे दोनच क्लबांकडून खेळता येतात. भावाने याच मोसमात आधी एक क्लब बदलला असेल आणि दोन्हीकडून अधिकृत सामने खेळला असेल, तर तिसरीकडे सर्वसाधारणपणे अधिकृत सामना खेळता येणार नाही.

आमच्या पंधरा वर्षांच्या मुलींच्या संघात यंदा दोघींचे गुडघे दुखावले. वॉर्म-अप म्हणून मैदानाला चार फेऱ्या मारतो. कमी पडतं का?
– वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

कमीच पडतं. दुखापती टाळण्यासाठीचा फिफाचा 11 प्लस हा वॉर्म-अप घ्या: तीन भाग, 15 व्यायाम, साधारण 20 मिनिटं, आठवड्यातून किमान दोनदा. साहित्य एक चेंडू आणि खुणेसाठी थोडे प्लास्टिकचे शंकू. मधल्या दहा मिनिटांत तुम्ही समोर उभे राहा आणि फक्त गुडघ्यांकडे बघा. उडीवरून उतरताना गुडघा आत, दुसऱ्या गुडघ्याकडे, झुकत असेल तर उडी लहान करा आणि गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवून उतरायला सांगा. दुखावलेल्या दोघींना मात्र डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय यात घेऊ नका.