पंखा लागताच तापमान उतरतं, तेही एका क्षणात

प्रश्न : माझ्या कार्बोरेटरच्या जुन्या गाडीला मी इंजेक्शन बसवून घेतलं आणि लॅपटॉपवरून सेट करता येणारा, बाजारात सुटा मिळणारा ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक) लावला. रेडिएटरचा पंखा पूर्वी थर्मोस्विचवर चालायचा, आता ईसीयू रिलेमार्फत, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचमार्फत, चालवतो. 92 अंशांना चालू आणि 89 ला बंद असं सेटिंग आहे. पण पंखा लागतो, सेकंदाच्या आत बंद पडतो, पुन्हा लागतो. रिले नुसता टकटक करत राहतो, दोनदा बदलून झाला. लॅपटॉपवर बघितलं तर पंखा लागताक्षणी तापमान 92 वरून 88 होतं. बंदचा आकडा 82 केला तर टकटक थांबते, पण मग पंखा बंदच होत नाही. थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरकडची वाट उघडणारा वॉल्व्ह) 88 चा आहे. कूलंटचं, म्हणजे इंजिनातल्या पाण्याचं, तापमान मोजणारा सेन्सर दोन वायरचा आहे. त्याची अर्थची वायर पुढच्या बॉडीवरच्या बोल्टला दिली आहे, तिथेच पंख्याचीही आहे. आणखी एक त्रास म्हणजे पंखा चालू असताना चावी बंद केली तर इंजिन दीड-दोन सेकंद चालतच राहतं. रिले काढून पंखा थेट ईसीयूला जोडला तर हे सगळं सुटेल का?
– एक वाचक

उत्तर : थेट जोडू नका. एवढी एक गोष्ट आधी ऐका, बाकीचं सावकाश वाचा. ईसीयूचं असं आउटपुट एखाद-दोन, फार तर थोडे जास्त अँपिअर सोसतं. रेडिएटरचा पंखा चालताना 15-20 अँपिअर खातो आणि थांबलेल्या अवस्थेतून उठताना क्षणभर त्याच्या कित्येक पट. रिलेचे संपर्क ओढणाऱ्या कॉइलला मात्र एका अँपिअरचा पाचवा हिस्साही लागत नाही. म्हणून ईसीयूने फक्त कॉइलची अर्थ बाजू जोडायची-तोडायची आणि पंख्याचा भार रिलेच्या संपर्कांनी उचलायचा.

आता तुमच्या पत्रातला सगळ्यात मोलाचा आकडा : 92 चे क्षणात 88. यावर कृपया थांबून विचार करा. इंजिनात साधारण सहा लिटर पाणी आहे असं धरू. ते चार अंशांनी उतरवायचं तर जवळपास 100 किलोजूल उष्णता बाहेर काढावी लागते. सेकंदात काढायची म्हणजे 100 किलोवॉट. कुठलाही पंखा हे करू शकत नाही. म्हणजे पाणी थंड झालेलंच नाही. ईसीयूला ते थंड झाल्यासारखं दिसतंय, इतकंच.

का दिसतंय, ते तुमच्या त्या एका बोल्टमध्ये आहे. सेन्सरचा रोध पाणी तापेल तसा कमी होतो. बऱ्याच गाड्यांत दिसणाऱ्या सेन्सरमध्ये तो 20 अंशांना अडीच हजार ओहम, 80 ला 320 च्या आसपास आणि 100 ला 190 च्या आसपास असतो. ईसीयू आतल्या एका रोधातून त्याला 5 व्होल्ट देतो आणि सेन्सरवर किती व्होल्ट राहिले ते मोजतो. आतला रोध अडीच हजार ओहमचा असेल तर नव्वदीच्या घरात एका अंशाला जेमतेम 9 मिलिव्होल्टचा फरक पडतो. आता त्याच बोल्टमधून पंख्याचे 20 अँपिअर परत जाऊ लागले आणि बोल्टखाली रंगाचा थर किंवा थोडा गंज असला, अगदी 2 मिलिओहम रोध, तर बोल्ट 40 मिलिव्होल्टने वर उचलला जातो. तेवढे व्होल्ट सेन्सरच्या व्होल्टेजमध्ये मिसळतात. जास्त व्होल्ट म्हणजे जास्त रोध, जास्त रोध म्हणजे थंड पाणी. ईसीयू बिचारा प्रामाणिकपणे 88 वाचतो, पंखा बंद करतो. प्रवाह थांबला की बोल्ट जागेवर येतो, पुन्हा 92 दिसतात, पुन्हा पंखा. तुमचे दोन्ही रिले चांगले होते.

मी स्वतः यात दोन रविवार घालवले आहेत. थर्मोस्टॅट बदलला, सेन्सर बदलला, रेडिएटर उतरवून धुतला. मल्टिमीटर शेवटी लावला. तो आधी लावायचा असतो, म्हणून तुम्हाला सांगतो : मीटर मिलिव्होल्टवर घ्या. एक टोक ईसीयूच्या सेन्सर-अर्थच्या पिनवर आणि दुसरं त्या बोल्टवर धरा. मग कुणाला तरी पंखा चालू करायला सांगा. आकडा 30-40 ने उडी मारतो का बघा.

मारत असेल तर सेन्सरची अर्थ वायर बोल्टवरून सोडवा आणि थेट ईसीयूच्या सेन्सर-अर्थच्या पिनला न्या. त्या वायरवर सेन्सरांखेरीज दुसरं काहीही नको. थ्रॉटलचा आणि हवेच्या तापमानाचा सेन्सरही तिथेच जोडायचा. पंख्याची अर्थ जाड वायरने बॅटरीच्या निगेटिव्हला द्या. बोल्ट नुसता घासून घट्ट केला तर टकटक थांबेल, पण पुढच्या ओल्या दिवसांत परत येईल.

हे केल्यावरच तापमानाचे आकडे ठरवा. तोवर तुम्ही चुकीच्या तराजूवर वजन करताय. थर्मोस्टॅट 88 ला उघडायला लागतो, पूर्ण उघडतो त्याच्याही बऱ्याच पुढे. 82 ला पंखा बंद होईना, कारण त्या तापमानाला थर्मोस्टॅटच पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही. पंख्याने कितीही वारा घातला तरी इंजिन त्याखाली जाणार नाही. बंदचा आकडा थर्मोस्टॅटच्या वर हवा. मी तुमच्या जागी 97 ला चालू आणि 93 ला बंद ठेवीन. 97 वाचून घाबरू नका. रेडिएटरचं झाकण 1 बार दाबाच्या आसपासचं आणि धड असेल तर साधं पाणीसुद्धा 120 अंशांपर्यंत उकळत नाही, कूलंट घातलेलं त्याच्याही पुढे जातं. झाकणाचं रबर मात्र तपासा.

चावी बंद करूनही चालणाऱ्या इंजिनाबद्दल : पंख्याची मोटर वीज तुटल्यावरही फिरत असते आणि फिरणारी मोटर म्हणजे जनरेटर. माझा अंदाज, तुमच्या रिलेच्या 30 नंबरच्या पिनला (पंख्यासाठीची वीज जिथे आत येते तिला) वीज ईसीयूच्याच चावीवरच्या लाइनमधून दिली आहे. चावी बंद केली की फिरता पंखा त्या लाइनमध्ये उलटी वीज सोडतो. तिच्यावर ईसीयू, इंजेक्टर आणि रिलेची कॉइलसुद्धा जागी राहते. पंखा मंदावला की सगळं विझतं. 30 ला बॅटरीवरून वेगळ्या फ्यूजमधून वीज द्या. कॉइलची पॉझिटिव्ह बाजू मात्र चावीवरच्या लाइनवरच राहू द्या. तीही बॅटरीवर नेलीत तर काही ईसीयूंमध्ये कॉइलमधून, आउटपुटच्या आतल्या डायोडमधून वीज आत शिरते आणि ईसीयू झोपतच नाही. सकाळी बॅटरी बसलेली सापडते.

या साध्या रिलेवर वीज झपाट्याने चालू-बंद करून पंख्याचा वेग कमी-जास्त करायचं पीडब्ल्यूएम सेटिंग कधीही लावू नका, संपर्क जळतील. स्टार्टर फिरत असताना पंखा बंद राहील असं ठेवा.

आणि सेन्सर तुटला तर काय, हे आजच ठरवा. वायर सुटली की ईसीयूला उणे 40 अंश दिसतात आणि पंखा कधीच लागत नाही, तिकडे इंजिन उकळत असतं. सेटिंगमध्ये 'सेन्सर बिघडल्यास पंखा चालू' हा पर्याय असेल तर तो निवडा आणि ईसीयूत बर्न करा, म्हणजे कायमचा साठवा. मग इंजिन आयडलवर ठेवून सेन्सरचा प्लग हाताने काढा. पंखा लागला पाहिजे. नाही लागला, तर सेटिंग लॅपटॉपमध्येच राहिलंय.