प्रकाशकाने खेळ बंद केला, आता तो कुणाचा?

प्रश्न : मी लातूरला एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. चार वर्षं राबून मराठीत विज्ञानकथेवरचा टेबलटॉप रोलप्लेइंग गेम, म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रांच्या भूमिका घेऊन खेळायचा खेळ, लिहिला. लघुग्रहावरची वस्ती, पाणी घेऊन येणारं मालवाहू यान आणि त्या पाण्याच्या वाटणीवरून होणारा संघर्ष, असा खेळ आहे. ऑगस्ट 2022 मध्ये एका प्रकाशकाशी करार केला. त्यात ‘सर्व हक्क प्रकाशकाकडे’ एवढंच लिहिलंय, मुदत नाही. रॉयल्टी दहा टक्के. 800 रुपयांच्या हजार प्रती निघाल्या, खेळणाऱ्यांनी नावाजला. आता पत्र आलंय की पुनर्मुद्रण नाही, पुढचा भाग नाही, हक्क मात्र आमच्याकडेच राहतील. चांगली वस्तू बंद का करतात? मी स्वतः छापू शकतो का? मित्र म्हणतात, झेरॉक्स काढून पोरांना वाटून टाका.

उत्तर : सर, झेरॉक्सचा विचार आधी डोक्यातून काढा. हक्क लिहून दिल्यावर लेखकानेही परवानगीशिवाय प्रती काढल्या तर तो कॉपीराइटचा भंगच ठरतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम 63 खाली किमान सहा महिने आणि कमाल तीन वर्षं कैद आहे, शिवाय दंड. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केलं. स्वतःच्याच पुस्तकापायी पोलीस ठाण्याची पायरी चढायची वेळ तुमच्यावर येऊ नये.

‘चांगली असून बंद का’ हा तुमचा प्रश्न मला मनापासून लागला. 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आलेलं शहर तुमचं. तुमच्या यानाची गोष्ट कुठून आली ते मला सांगावं लागत नाही. पण प्रकाशकाचा हिशेब गुणवत्तेवर चालत नाही. अशा खेळात पाच-सहा जण खेळतात आणि पुस्तक विकत घेतो तो बहुतेक वेळा एकटा गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा. खेळाची पुरवणी म्हणून पुढचं पुस्तक काढलं तर तेही त्याच मोजक्या घरांत जातं. पुन्हा छापायचं म्हणजे कागद, बांधणी आणि गोदाम यांत पैसा अडकतो. अमेरिकेत ‘अल्टर्निटी’ नावाचा नीट बांधलेला विज्ञानकथा-खेळ 1998 मध्ये आला आणि 2000 मध्ये बंद झाला. त्याच वर्षी त्याच कंपनीने ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या आपल्या मुख्य खेळाची तिसरी आवृत्ती काढली. एका घरात दोन खेळ असले की लक्ष आणि पैसा मोठ्याकडे जातो. उलट 1977 चा ‘ट्रॅव्हलर’ हा विज्ञानकथा-खेळ बघा. त्याची कंपनी 1996 मध्ये बंद पडली, हक्क मूळ रचनाकार मार्क मिलर यांच्याकडे परत आले आणि खेळाच्या पुढेही आवृत्त्या निघत राहिल्या. तुमच्यासाठी हेच उदाहरण महत्त्वाचं, कारण तिथे खेळ वाचला तो हक्क कुणाकडे होते यामुळे.

आता तुमचा करार. कॉपीराइट कायदा 1957 मधलं कलम 19(5) सांगतं की हक्कांच्या हस्तांतरणाची मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरायची. म्हणजे ‘हक्क आमच्याकडेच राहतील’ हे त्यांचं वाक्य ऑगस्ट 2027 पर्यंतच खरं आहे. त्यानंतर मजकूर तुमचा, कुणाच्या परवानगीची गरज नाही. कलम 19(6) प्रमाणे, प्रदेश लिहिलेला नसेल तर हस्तांतरण भारतापुरतंच मानलं जातं.

याहून जवळची गोष्ट कलम 19(4) मध्ये आहे आणि ती लेखकांना सहसा कुणी सांगत नाही. हस्तांतरित झालेला हक्क प्रकाशकाने एका वर्षात वापरलाच नाही, तर करारात वेगळं म्हटलेलं नसल्यास त्या हक्कापुरतं हस्तांतरण आपोआप संपतं. त्यांनी हिंदी किंवा इंग्रजी अनुवाद केला नाही, खेळाचं कथा-नाट्यरूपांतर केलं नाही, तर ते हक्क ऑगस्ट 2023 पासून तुमचे आहेत, असं आपण ठामपणे म्हणू शकतो. ई-पुस्तकाबाबत मात्र मी तितका ठाम राहणार नाही. इलेक्ट्रॉनिक साठवण हा प्रत काढण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि प्रत तर त्यांनी काढली, असा युक्तिवाद समोरून होईल.

2027 पर्यंत थांबायचं नसेल तर कलम 19अ(1) आहे. हक्क घेणाऱ्याने त्याचा पुरेसा वापर केला नाही आणि त्यात लेखकाची चूक नसेल, तर हस्तांतरण रद्द करण्याचा अर्ज करता येतो. 2021 मध्ये अशी प्रकरणं ऐकणारं बौद्धिक संपदा अपिलीय मंडळ बरखास्त झाल्यापासून हा अर्ज वाणिज्य न्यायालयात जातो. पण हजार प्रती छापून विक्रीला काढल्या असताना ‘पुरेसा वापर नाही’ हे सिद्ध करणं जड आहे. निकाल येईपर्यंत पाच वर्षं तशीच पूर्ण होतील. तुमच्या जागी मी असतो तर हा खर्च केला नसता.

खेळाच्या नियमांवर कॉपीराइट नसतो, तो नियम मांडणाऱ्या शब्दांवर असतो. त्यामुळे फाशांची तीच पद्धत घेऊन, नवं जग आणि नवा मजकूर लिहून, तुम्ही आजही दुसरा खेळ काढू शकता. फक्त जुनीच वाक्यं फिरवून लिहू नका.

तुमच्या पत्रात चित्रांचा उल्लेख नाही, आणि खरी खोच तिथेच असू शकते. चित्रं प्रकाशकाने पैसे देऊन काढून घेतली असतील तर कलम 17(ब) प्रमाणे त्यांचा पहिला मालक प्रकाशकच ठरण्याची मोठी शक्यता आहे. ती मालकी पाच वर्षांनी परत येत नाही, कारण ती तुम्ही दिलेलीच नाही. नव्या आवृत्तीला नवी चित्रं लागतील असं धरून चला. खेळाचं नाव प्रकाशकाने ट्रेडमार्क म्हणून नोंदवलंय का, हेही ट्रेडमार्क नोंदणीच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतं. ते आजच पाहा.

रॉयल्टीचा हिशेब लेखी मागा. सगळ्या प्रती खपल्या तर दहा टक्क्यांनी 80,000 रुपये होतात. एवढ्या रकमेसाठी दाव्याची घाई नको, पण तीन वर्षांची मुदत उलटू देऊ नका. पैसे अडले तर लातूरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व, म्हणजे दावा दाखल करण्याआधीचा, अर्ज करा. लोकअदालतीत झालेल्या तडजोडीला न्यायालयाच्या हुकूमनाम्याचं बळ असतं.

पहिलं पत्र मात्र भांडणाचं लिहू नका. शिल्लक प्रती लेखकाच्या सवलतीत विकत मागा आणि 2027 च्या आधीच हक्क सोडल्याचं एका कागदावर लिहून मागा. जो खेळ त्यांना छापायचाच नाही, त्याचे हक्क सोडायला प्रकाशक पुष्कळदा तयार होतात. पत्र स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा आणि कराराची मूळ प्रत कुणालाही देऊ नका.