पोटाचं डायलिसिस आणि सरकारी पिशव्या

प्रश्न : आईला घरीच पोटाचं डायलिसिस सुचवलंय. सरकारी मदत मिळेल का? – एक वाचक, ऐरोली

उत्तर : प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ मध्ये सुरू झाला, तो यंत्रावरच्या डायलिसिससाठी. पोटाच्या डायलिसिसची (यात पिशवीतलं औषधी पाणी नळीने पोटात सोडून रक्त शुद्ध करतात) मार्गदर्शक तत्त्वं २०१९ ला आली. म्हणून ठाण्याच्या जिल्हा शल्यचिकित्सक कार्यालयात नुसतं ‘डायलिसिस’ म्हणू नका, नाहीतर यंत्राच्या रांगेत पाठवतील. ‘सीएपीडीच्या पिशव्या’ (सीएपीडी म्हणजे यंत्राविना घरी करायचं पोटाचं डायलिसिस) असं स्पष्ट विचारा आणि अर्जाची पोच घ्या.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर पिशवीचे लिटर, ग्लुकोजचं प्रमाण (१.५, २.५ की ४.२५ टक्के) आणि रोजची संख्या हवीच. दोन लिटरच्या रोज चार पिशव्या म्हणजे महिन्याला १२०, वजन २४० किलोच्या वर! लहान फ्लॅटमध्ये त्या ठेवायच्या कुठे, हे आधी ठरवा. पावसाळ्यात खोके फरशीवर नकोत, फळीवर ठेवा. पुढची मागणी साठा संपायच्या पंधरा दिवस आधी करा.

पिशवी गरम पाण्यात बुडवून तापवू नका, जोडणीपाशी ओल राहून जंतू शिरतात. पोटातून बाहेर आलेल्या पाण्याच्या पिशवीमागे वर्तमानपत्र धरा. अक्षरं धूसर दिसली, तर पोटात जंतुसंसर्ग असू शकतो. ती पिशवी घेऊन त्याच दिवशी रुग्णालय गाठा.