घरी गावची बोली आणि ऑफिसात ‘शुद्ध’ मराठी, हा दुटप्पीपणा आहे का?

नाही. पण तुम्ही लिहिलंय की गावचे मित्र ‘लई पुणेरी झालास’ म्हणून चिडवतात आणि साहेबांना मेल टाकायचा म्हटलं की तुमचा हात अडतो, म्हणून पुढं लिहितो. लांबलं तर सांभाळून घ्या.

मी तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून अर्ज लिहून देतो. आधी टाइपरायटर होता, आता लॅपटॉप आणि प्रिंटर. माणूस तोंडानं सांगतो ते कागदावर असं उतरवायचं की आत गेल्यावर अडू नये, एवढंच काम. माझे थोरले बंधू मराठीचे मास्तर होते. त्यांच्या मते मी लोकांच्या तोंडची भाषा मारून पोट भरतो. दर दिवाळीला फराळाच्या ताटावर हे मला ऐकावं लागतं.

एक मावशी आल्या होत्या, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत तलाठ्याची नोटीस. (आता ‘ग्राम महसूल अधिकारी’ म्हणायचं, पण आमच्याकडं तलाठीच.) त्यांचे मालक वारलेले. थोरल्या पोरानं जमिनीच्या वारस नोंदीला (कागदात त्याला फेरफार म्हणतात) अर्ज देताना दोघा भावांची नावं दिली, आईचं गाळलं. हरकतीला नोटिशीपासून १५ दिवस असतात, त्यातले बरेच गेलेले. मी विचारलं, जमिनीचा गट नंबर काय? नोटीस कधी हातात पडली? मृत्यूचा दाखला आणलाय? त्या म्हणाल्या, “आवं, आधी माझं ऐका तरी!” मग पोराचं लग्न, त्यासाठी मोडलेली पाटली, सुनेनं वेगळी मांडलेली चूल, सगळं ऐकलं. ऐकावंच लागतं, त्यातच तारखा सापडतात.

कागदावर आलं ते असं: ‘मी मयताची पत्नी असून कायदेशीर वारस आहे. सदर फेरफार नोंदीत माझे नाव वगळण्यात आले आहे. सबब नोंद आहे तशी प्रमाणित करू नये व माझे नाव वारस म्हणून दाखल करावे, ही विनंती.’ वर विषय, गट नंबर, फेरफार क्रमांक. वाचून दाखवल्यावर मावशी भडकल्या. “एवढंच? त्यानं मला घराबाहीर काढलं ते कुठाय ह्यात?”

म्हटलं, ते सुनावणीत सांगा, मला सांगितलंत तसंच. कागदात ते घातलं तर पहिलं पान पोरासुनेच्या भांडणातच जाईल, आणि वाचणारा ‘घरगुती वाद’ म्हणून कागद बाजूला ठेवील. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानं विधवेला मुलांच्या बरोबरीनं हिस्सा आहे. त्यासाठी पोरगा वाईट आहे हे सिद्ध करायची गरजच नाही.

सुनावणीला मी टेबल सोडून आत गेलो होतो. कुणा शिकलेल्या भाच्यानं मावशींना ‘महोदय, माझ्यावर घोर अन्याय झालेला आहे’ असं पढवून ठेवलेलं. ‘घोर’पाशी त्या अडकल्या. मग पदर खोचून म्हणाल्या, “सायेब, लेकरं माझी हायती, मग मी कुणाचीच न्हाय व्हय? माझं नाव लावा.” मंडळ अधिकाऱ्यानं, म्हणजे तलाठ्याच्या वरच्या साहेबानं, फायलीतनं मान वर काढली. नाव लागलं.

हे बंधूंना सांगितलं तर म्हणाले, “मग तेच वाक्य अर्जात का नाही लिहिलंस?” अहो, त्या वाक्यात गट नंबर कुठाय? उद्या पोरगा प्रांताकडं (उपविभागीय अधिकाऱ्याकडं) अपिलात गेला तर तिथल्या साहेबासमोर मावशी नसतील, फाईल असेल. माहिती अधिकाराचंही तेच. ‘माझा अर्ज का दाबून ठेवला?’ असं विचारलं तर हाती काही लागत नाही. ‘अर्जावर झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत द्यावी’ असं लिहिलं की द्यावी लागते. शिवाय आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्द. कुठं रडणार?

आणि बोलीचे कैवारी बंधू स्वतः काय करतात? सख्खी आत्या गेली तेव्हा घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांचा मेसेज आला, ‘ईश्वर मृतात्म्यास चिरशांती देवो व कुटुंबीयांस हे दुःख सहन करण्याचे बळ देवो.’ कुटुंबीय म्हणजे आम्हीच. तिथं ‘निघालोय, येताना सगळ्यांची भाकरी-भाजी घेऊन येतो’ एवढं पुरलं असतं. धाकट्या चुलतभावानं तेवढंच लिहिलं, आणि आणलीही.

तुमच्या मेलचं विचाराल तर काय हवंय आणि कधीपर्यंत, ते पहिल्या ओळीत टाका, कारण नंतर. जेवणाच्या सुट्टीत ‘आलतो’, ‘गेलतो’ बिनधास्त बोला. मित्रांकडं लक्ष देऊ नका, तेही बँकेत कर्ज मागताना ‘सर, जरा बघता का’च म्हणतात.

एक राहिलं. पोलिसात फिर्याद देताना माझा नियम चालत नाही. कुणी शिवी दिली, धमकी दिली, तर ती जशीच्या तशी लिहून घ्यायला लावा, गावच्या बोलीत असेल तर बोलीतच. ‘अर्वाच्य भाषेत शिवीगाळ केली’ एवढ्यावर पुढं कोर्टात केस लंगडी पडते. सहीआधी फिर्याद वाचून दाखवायला सांगा, तसा कायदाच आहे. हे वाचून बंधू म्हणतील, आलास ना वळणावर! नाही आलो. हरकतीचे अर्ज अजून तसेच लिहितो.