जे नंतर बदलता येत नाही, त्यावर पैसे घाल

चि. भाचीबाई,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. इंजिनिअरिंगसाठी लॅपटॉपच्या सहा लिंका, प्रत्येकीखाली 'हा कसा आहे गं मावशी?' आणि सगळ्यात शेवटी 'बाबा साठ हजारांच्या वर जाणार नाहीत'. फोनवर सांगितलं तर तू अर्धं माझं ऐकशील आणि अर्धं यूट्यूबवाल्याचं, म्हणून लिहूनच पाठवते.

पहिली गोष्ट म्हणजे या आठवड्यात काहीही घेऊ नकोस. तू बेटरमेंटला गेली आहेस, म्हणजे मिळालेल्या सीटपेक्षा चांगलीची वाट बघते आहेस, आणि कॅपचा, म्हणजे केंद्रीय प्रवेशाचा, राऊंड अजून बाकी आहे. एआय-डेटा सायन्सऐवजी मेकॅनिकल पदरात पडलं तर यादीच बदलेल. मेकॅनिकलला सॉलिडवर्क्स हे डिझाइनचं सॉफ्टवेअर लागतं, ते मॅकवर चालत नाही, विंडोजच हवं. आणि तिथे वेगळ्या ग्राफिक्स कार्डाला खरोखर अर्थ आहे. तेव्हा आधी सीट फ्रीझ, म्हणजे पक्की, होऊ दे. पहिल्या सेमिस्टरला गणित, फिजिक्स आणि जोडीला थोडं प्रोग्रॅमिंग एवढंच असतं, आणि त्यासाठी कॉलेजची लॅब आहे. 'सेल उद्या संपतोय' म्हणून घाबरू नकोस. तो गणपतीला पुन्हा लागतो, दसऱ्याला लागतो, दिवाळीला तर लागतोच.

ऐरोलीच्या ऑफिसात माझं काम काय आहे ते तुला ठाऊक आहे. नवीन माणसाला लॅपटॉप द्यायचा, जाणाऱ्याकडून परत घ्यायचा, बिघडला तर दुरुस्तीला पाठवायचा. प्रोसेसर गेला म्हणून आमच्याकडे लॅपटॉप क्वचितच येतो. येतात ते हिंज (झाकणाची बिजागरी) तुटलेले, चार्जिंगची पिन सैल झालेले, कीबोर्डवर चहा सांडलेले, बॅटरी फुगलेले. आणि मशीन ठणठणीत असूनही कुरकुर करत येणाऱ्यांचं दुखणं बहुतेक वेळा रॅमचं नाही तर स्क्रीनचं असतं. त्यामुळे माझा हिशोब सरळ आहे. स्क्रीन, वजन, कीबोर्ड, प्रोसेसर हे एकदा घेतलं की चार वर्षं तेच. एसएसडी, म्हणजे फाइली साठवायची जागा, मात्र बहुतेक विंडोज लॅपटॉपमध्ये नंतर मोठी टाकता येते. जे बदलता येत नाही तिथे बाबांचे पैसे जाऊ देत.

रॅम कुठल्या बाजूला धरायची, ते मॉडेलवर आहे. काही लॅपटॉपमध्ये ती मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते, काहींत एक स्लॉट रिकामा असतो. तुझ्या यादीतला सगळ्यात बारीक आणि देखणा लॅपटॉप ८ जीबीचा आहे, सोल्डर केलेला आणि स्लॉट नाही. तो आजच बाद कर. ब्राउझरच्या वीस टॅब, कोड लिहायची एक नोटबुक आणि झूम एकदम चालू केलंस की ८ जीबी संपलेच. १६ जीबीच घे. '८ घे, पुढच्या वर्षी ८ टाक' हा सल्ला पूर्वी मीही देत असे, पण एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव असे चढले आहेत की त्यात बचत होईलच असं आता सांगवत नाही. एसएसडी ५१२ जीबीची पुरे.

आता प्रोसेसर. दुकानदार 'रायझन ५ आहे मॅडम, सात हजार सिरीज' म्हणून गप्प बसेल. तू पुढचे आकडे विचार. ७५२०यू आणि ७५३०यू दिसायला सख्खी भावंडं, पण ७५२०यूमध्ये ४ कोर आणि २०१९ साली आलेली झेन २ ही रचना. ७५३०यूमध्ये ६ कोर आणि तिच्या पुढची झेन ३. त्या सिरीजमध्ये पिढी पहिल्या आकड्यावरून कळत नाही, तिसऱ्यावरून कळते. पहिला आकडा फक्त कुठल्या वर्षीच्या मालाचा आहे ते सांगतो. (हे असं नंबर पाडणाऱ्याला एकदा आमच्या टेबलावर बसवायला हवं.) इंटेलमध्ये शेवटचं अक्षर बघ: यू म्हणजे कमी वीज खाणारा, एच म्हणजे जास्त जोर, जास्त गरम आणि बॅटरीला भारी. तुला १३३५यूसारखा आय५ किंवा ७५३०यू भरपूर झाला. आय७ साठी जास्तीचे पैसे मोजू नकोस, त्यापेक्षा तेच स्क्रीनमध्ये घाल.

स्क्रीनबद्दल कुणी बोलत नाही म्हणून मी जास्त बोलणार आहे. चार वर्षं डोळे तिथेच लागणार आहेत. स्पेसिफिकेशनमध्ये '२५० निट्स, ४५ टक्के एनटीएससी' असं दिसलं (निट्स म्हणजे उजेड, एनटीएससी हे रंगांचं माप), तर समज की रंग फिके आणि खिडकीपाशी बसलं की काही दिसत नाही. या किमतीत बहुतेक ठिकाणी हेच गळ्यात मारतात. ३०० निट्सच्या वर आणि १०० टक्के एसआरजीबी (हेही रंगांचंच माप) लिहिलेलं मॉडेल मिळालं तर त्यासाठी दोन-तीन हजार जास्त गेले तरी चालतील, बाबांशी मी बोलेन. पॅनेल आयपीएस किंवा ओलेड हवं. कागदावर भरवसा ठेवू नकोस. ठाण्यात एखाद्या शोरूममध्ये जा, झाकण मागेपुढे कर, बाजूने बघ. रंग उलटेपालटे झाले तर निघून ये. तिथेच एका हाताने झाकण उघडून बघ, हिंज कसा आहे तेही कळेल. कीबोर्डवर चार ओळी टाइप कर. सेल्समन वैतागेल, वैतागू दे.

तुझ्या मित्राने सुचवलेला आरटीएक्स ग्राफिक्स कार्डवाला गेमिंग लॅपटॉप घेऊ नकोस. तू रोज ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने नेरूळला जाणार. सकाळच्या गाडीत तुला बसायला मिळेल अशा आशेवर राहू नकोस. उभ्याने, बॅग पुढे छातीशी धरून जायचं. असल्या लॅपटॉपचं वजन सव्वादोन-अडीच किलो, शिवाय विटेएवढा अडॅप्टर, आणि तो घरी ठेवता येत नाही, कारण बॅटरीवर हे लॅपटॉप जेमतेम दोन-तीन लेक्चर टिकतात. वर्गात प्लग पॉइंट किती असतात ते तू बघशीलच. दीड किलोच्या आसपासचा घे. बॅटरी तासांत मोजू नकोस, जाहिरातीतले तास कुणालाच मिळत नाहीत, वॅट-अवर, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते ते, बघ. ४२ कमी, ५५-६० चांगली. आणि टाइप-सीने चार्ज होणारा असेल तर फार बरं. अडॅप्टर हलका मिळतो, आणि गोल पिन सैल झाली तरी दुसरी वाट राहते.

'पण मावशी, एआयचं मॉडेल ट्रेन करायला जीपीयू लागेल ना?' म्हणजे ग्राफिक्स कार्डावरची चिप. लागेल, तिसऱ्या वर्षापासून. तेव्हा गूगल कोलॅब वापर, ब्राउझरमधूनच गूगलच्या कॉम्प्युटरवर कोड चालतो. त्यात फुकटात मिळणारा टी४ जीपीयू १६ जीबी मेमरीचा असतो. तुझ्या मित्राच्या आरटीएक्स ४०५० मध्ये ६ जीबी. कोलॅबवर जीपीयू दर वेळी मिळेलच अशी खात्री नसते, म्हणून कॅगल या तशाच साइटचंही खातं काढून ठेव, तिथे आठवड्याला ठरावीक तास मिळतात. तुझ्या प्रोजेक्टला एवढं पुरेल. गेम खेळायचे असतील तर तसं सरळ बाबांना सांग, अभ्यासाच्या नावाखाली नको.

आजी म्हणतेय तसा दादाचा जुना लॅपटॉप चालेल का? तो सातव्या पिढीचा इंटेल आहे. विंडोज ११ ला अधिकृतपणे आठव्या पिढीपासून पुढचे चालतात, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. लिनक्स शिकायला मात्र तो छान आहे. भंगारात घालू नकोस. कंपन्यांचे जुने थिंकपॅड, लॅटिट्यूड नूतनीकरण करून विकतात, तेही वाईट नसतात. फक्त घेण्याआधी विंडोज समोर रिसेट करून दाखवायला सांग. सुरू होताना कुठल्या कंपनीचं लॉगिन मागितलं तर ते मशीन अजून त्या कंपनीलाच बांधलेलं आहे, तिथून उठ.

पैशांचं थोडक्यात सांगते. 'नो कॉस्ट ईएमआय'मध्ये व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी बहुधा आपल्याच माथी येते, तेव्हा रोख भावाशी ताडून बघ. शैक्षणिक कर्ज काढणारच असाल तर कोर्सला लागणारा कॉम्प्युटर त्यात बसतो का, ते बँकेत विचारा. काका त्यांच्या फर्मच्या नावावर बिल घ्यायला सांगतील, जीएसटी वाचतो म्हणून. ते करू नका. बिल तुझ्या किंवा बाबांच्या नावावर हवं. वॉरंटी 'ऑनसाइट' आहे का, म्हणजे माणूस घरी येतो की आपण घेऊन जायचं, हे विचारायचं. कंपनीच्या साइटवर पिनकोड टाकून सर्व्हिस सेंटर बघ. ठाण्यात किंवा वाशीत असेल तर ठीक, थेट अंधेरी दाखवत असेल तर तो ब्रँड मी खाली ढकलेन. अपघाती नुकसानीचं कव्हर मिळत असेल तर जरूर घे, चहाचं मी वर लिहिलंच आहे. जुलैचा पाऊस आहे, बॅगेत कव्हरशिवाय एक जाड प्लास्टिकची पिशवीही असू दे.

फ्रीझ झालं की दोन मॉडेलं निवड आणि त्यांचे पूर्ण मॉडेल नंबर मला पाठव. 'एचपीचा सिल्व्हरवाला' असं नको; एकाच नावाखाली सोल्डर रॅमचा आणि स्लॉटवाला असे दोन्ही निघतात, पुढची चार-पाच अक्षरं बघितल्याशिवाय मला सांगता यायचं नाही. रविवारी मी घरी आहे, सकाळी दहानंतर फोन कर.

तुझी,
मावशी
कोपरखैरणे